चर्चच्या खिडक्या : नाताळसाठी चॉकलेट-मार्शमॅलोच्या सोप्या चकत्या

ओहायोतला आमचा पहिला हिवाळा. डिसेंबरचा दुसरा आठवडा असेल. शेजारच्या आजी बर्फातून चालत आल्या, पत्र्याचा एक गोल डबा माझ्या हातात दिला आणि "बूट ओले आहेत, आत येत नाही" म्हणून तशाच मागे फिरल्या. दिवाळीत मी त्यांना फराळ नेऊन दिला होता. चार चकल्या, दोन करंज्या, एक बेसनाचा लाडू. त्याची ही परतफेड होती, हे डबा उघडल्यावर लक्षात आलं. आत मेणकागदाचे थर होते. वर बिस्किटं, त्याखाली चॉकलेटात बुडवलेली खारी प्रेट्झेल्स आणि तळाला आठ-दहा गोल चकत्या. कडेला खोबऱ्याचा पांढरा काठ, मध्ये गडद तपकिरी रंग आणि त्या तपकिरीत विखुरलेले मार्शमॅलोचे, म्हणजे स्पंजासारख्या मऊ साखरमिठाईचे, गुलाबी, पिवळे, हिरवे, पांढरे तुकडे.

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात या चकत्यांना 'चर्च विंडोज' म्हणतात, चर्चच्या खिडक्या. कुणी 'स्टेन्ड ग्लास कँडी'ही म्हणतं. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या किंवा मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा पाहिल्या असतील, तर हे नाव का पडलं ते चकती कापल्याबरोबर कळेल. रंगाचे तुकडे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या काळ्या रेघा. काचेत ते काम शिसं करतं, इथे चॉकलेट.

मी कृती विचारली तेव्हा आजी हसल्या. "त्यात काय आहे? वितळवायचं, मिसळायचं, वळायचं." आपल्याकडच्या आज्या "अंदाजाने घालायचं गं" म्हणतात ना, तसंच. तीन क्रियापदं सांगितली आणि दोन क्रियापदांच्या मधली गोष्ट गाळली. ती गोष्ट मी पहिला घाणा वाया घालवून शिकले. तुमचा वाया जाऊ नये म्हणून हे सगळं लांबण लावून लिहितेय.

ओव्हन लागत नाही, पाक करायचा नाही, साखरेचा थर्मामीटर नको. ज्याला चहा करता येतो त्याला हे येईल. हाताला काम पाऊण तासाचं, मग दोन-तीन तास फ्रिजचं.

सामान

अमेरिकेतली मूळ कृती पाकिटांवर बेतलेली आहे. चॉकलेट चिप्सचं एक पाकीट म्हणजे १२ औंस, सुमारे ३४० ग्रॅम. लोण्याची एक कांडी म्हणजे ११३ ग्रॅम. छोट्या मार्शमॅलोचं एक पाकीट १० औंस, म्हणजे २८० ग्रॅमच्या आसपास. अक्रोड एक कप. त्यात चार रोल होतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याने चार रोलांच्या फंदात पडू नये. अर्धंच प्रमाण घ्या :

गोड डार्क चॉकलेट १७० ग्रॅम
लोणी ५५ ग्रॅम
छोटे रंगीत मार्शमॅलो १४० ग्रॅम
अक्रोडाचे तुकडे ५०-६० ग्रॅम
डेसिकेटेड कोकोनट ५० ग्रॅम
व्हॅनिला अर्धा चमचा, असला तर

यात साधारण वीस सेंटिमीटर लांबीचे दोन रोल होतात. एक सेंटिमीटर जाडीच्या म्हटल्या तर पस्तीस-चाळीस चकत्या. डब्यात भरून तीन-चार घरी द्यायला पुरतात.

आता एकेक वस्तू पाहू, कारण गडबड बहुतेक वेळा खरेदीतच होते.

चॉकलेट घेताना मिल्क चॉकलेट घेऊ नका. मार्शमॅलो म्हणजे साखर आणि हवा. त्यावर मिल्क चॉकलेट घातलं की दुसरी चकती खाववत नाही. पन्नास-पंचावन्न टक्के कोको असलेलं डार्क सगळ्यात बरं. भारतात बेकिंगच्या दुकानात चॉकलेटची जी मोठी लादी मिळते ती बहुधा 'कंपाउंड' असते. म्हणजे त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. तिला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मुंबईच्या हवेत तीच लादी तुमची लाज राखते. कंपाउंड पटकन घट्ट होतं आणि खोलीतल्या उष्णतेला जास्त टिकतं. चवीला मात्र थोडं मेणचट लागतं. कंपाउंड वापरणार असाल तर लोणी ४० ग्रॅमवर आणा, नाहीतर रोल मऊ राहतो. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगची दुकानं आहेत. तिथे लादी, बटर पेपर, मार्शमॅलो सगळं एका फेरीत मिळतं.

लोणी म्हणजे विकतचं बटर. भारतात पिवळ्या विटेचं जे मिठाचं बटर घरोघरी असतं तेही चालतं, उलट मिठाचा तो कण चॉकलेटला खुलवतो. घरी ताक घुसळून काढलेलं पांढरं लोणी मात्र वापरू नका, त्यात ताकाचं पाणी राहतं. तूपही नको. एका वर्षी बटर संपलं म्हणून मी तूप घातलं. रोल झाला, पण घरातल्या सगळ्यांनी एकेक घास खाऊन "हा कसला लाडू?" असं विचारलं.

खोबऱ्याचा कीस बारीक आणि कोरडा हवा. अमेरिकेच्या दुकानात बेकिंगच्या फळीवर जो 'स्वीटन्ड' कीस मिळतो तो लांब, ओलसर आणि आधीच साखर लावलेला असतो. तिथले लोक तोच वापरतात, पण मला इंडियन स्टोअरमधला बिनसाखरेचा बारीक कीस जास्त आवडतो. गोडी आटोक्यात राहते आणि काठ एकसारखा बसतो. घरी वाटी किसून घ्यायची असेल तर पाठीचा तपकिरी भाग काढून टाका आणि कीस अगदी मंद आचेवर नुसता शेकवा. लाल करू नका. खोबऱ्याला खवट वास येत असेल तर तो चॉकलेटात लपत नाही.

अक्रोड भाजून घ्या. कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, वास सुटेपर्यंत. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. 'पूर्ण' हा शब्द मी उगाच लिहिलेला नाही. कढत अक्रोड घातले तर आपण कष्टाने गार केलेलं चॉकलेट पुन्हा तापतं. अक्रोड नको असतील तर भाजलेले शेंगदाणे, सोललेले आणि अर्धे केलेले, छान लागतात. शाळेत किंवा ऑफिसात न्यायचं असेल तर आधी विचारा. अमेरिकेत बऱ्याच शाळांत शेंगदाणे-अक्रोड वर्गात आणायला बंदी असते, कारण काही मुलांना त्यांची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. तिथे मी भट्टीचे कुरकुरीत कुरमुरे घालते, एक वाटी. मुलांना तेच जास्त आवडतात.

मार्शमॅलो आणि शाकाहारी पाहुणे

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, विशेषतः घरी कुणी शाकाहारी असेल तर.

मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचं नाव. दलदलीच्या कडेला वाढणारं हे झाड भेंडी, अंबाडी आणि जास्वंदीच्या कुळातलं. युनानी औषधांत त्याला खतमी म्हणतात. भेंडी चिरताना जो चिकटपणा हाताला लागतो तसाच या झाडाच्या मुळात असतो, आणि त्या चिकट रसात साखर फेटून पूर्वी घसादुखीवर गोळ्या करत. फ्रान्समधल्या मिठाईवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची मऊ मिठाई केली. पुढे मूळ गेलं, नाव राहिलं आणि चिकटपणाचं काम जिलेटिनकडे आलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत ॲलेक्स डुमाक यांनी हे मिश्रण नळीतून लांब दोरीसारखं काढून कापायची यंत्रपद्धत आणली. आजचे एकसारखे गोल तुकडे तिथून आले.

अडचण जिलेटिनची आहे. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. अमेरिकेतल्या साध्या पाकिटांतलं जिलेटिन बहुतेक वेळा डुकराचं असतं. हलाल पाकिटांत गाईचं किंवा माशाचं असतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, लक्षात आलं नाही इतकंच. पहिल्या वर्षी मराठी मंडळींच्या एका जमावाला मी मोठ्या हौसेने ताट भरून नेलं. चार जणांनी उचलल्यावर एका काकूंनी शांतपणे विचारलं, "यात अंडं नाही ना?" अंडं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मग मला पाकिटावरची ओळ आठवली. काकू भल्या होत्या, हातातली चकती पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवली आणि विषय बदलला. मला मात्र ती संध्याकाळ जड गेली.

म्हणून पाकीट उलटं करून वाचायचं. भारतात काम सोपं आहे, हिरवी खूण बघा. तपकिरी असेल तर जिलेटिन आहे. घटकांच्या यादीत अगार (४०६) किंवा कॅराजीनन (४०७) असं दिसलं तर ते समुद्री शेवाळापासून केलेलं असतं, म्हणजे वनस्पतिजन्य. अमेरिकेत पाकिटावर 'व्हीगन' लिहिलेलं शोधा. असे मार्शमॅलो जरा महाग असतात आणि दाताखाली थोडे घट्ट लागतात, पण चॉकलेटात गेल्यावर फरक फारसा कळत नाही. डब्यावर चिठ्ठी लावायला विसरू नका.

आकार छोटा हवा, साधारण हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. भारतात बरेचदा मोठे, गुलाबी-पांढरे पीळ असलेले मार्शमॅलो मिळतात. ते कात्रीने कापा. कात्रीच्या पात्यांना तेलाचं बोट फिरवा आणि सेंटिमीटरभराचे तुकडे करा. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून चाळणीत झाडून घ्या. पीठ जास्त राहिलं तर चॉकलेट त्यांना धरत नाही आणि चकती कापताना तुकडे टपटप गळतात. स्ट्रॉबेरीच्या उग्र वासाचे मार्शमॅलो टाळा. रंग हवा, अत्तर नको.

वितळवणं

एक पातेलं घ्या, त्यात दोन बोटं पाणी. त्यावर बसेल असा स्टीलचा वाडगा ठेवा, पण वाडग्याचं बूड पाण्याला टेकता कामा नये. पाणी उकळलं की गॅस बारीक करा. वाडग्यात चॉकलेटचे बारीक तुकडे आणि लोणी एकदमच घाला आणि रबरी उलथण्याने हलवत राहा. तीन-चतुर्थांश वितळलं की वाडगा खाली उतरवा. उरलेलं आतल्या उष्णतेने वितळतं.

मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर तीस-तीस सेकंद, दर वेळी बाहेर काढून हलवायचं. चिप्सचा एक लबाड स्वभाव आहे. त्या आतून वितळलेल्या असल्या तरी वरून टोकदार आकार तसाच ठेवतात. त्या आकारावर विश्वास ठेवून आणखी दोन मिनिटं लावली की तळाला जळका वास.

पाण्याशी मात्र वैर धरायचं. वाडगा, उलथणं, हात सगळं कोरडं. वाफेचा एक थेंब जरी चॉकलेटात पडला तरी ते क्षणात आखडतं, रवाळ आणि घट्ट होतं, जणू पिठलं. असं झालं तर त्याचा रोल होणार नाही, पण टाकूनही देऊ नका. गरम दूध घालून हलवा, मुलांना कपभर प्यायला द्या आणि दुसरं चॉकलेट घ्या.

व्हॅनिला आत्ता घाला.

कोमट

आजींनी गाळलेली गोष्ट ती हीच. मराठीत तिच्यासाठी नेमका शब्द आहे : कोमट.

पहिल्या वर्षी मी वितळलेल्या, चकचकीत, वाफाळत्या चॉकलेटात सगळे मार्शमॅलो ओतले. दोन वेढे हलवेपर्यंत गुलाबी तुकड्यांच्या कडा विरघळल्या, तिसऱ्या वेढ्याला हिरवे गेले आणि मिनिटभरात माझ्यासमोर एकसंध, लांब तारा सुटणारा तपकिरी चिकटा उरला. खिडक्या राहिल्या नाहीत, नुसती भिंत.

कारण साधं आहे. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेलाच. म्हणून तर मार्शमॅलो तोंडात विरघळतो. चॉकलेटही जवळपास त्याच अंशाला मऊ पडतं. म्हणजे तुम्हाला एक अरुंद फट मिळते, ज्यात चॉकलेट अजून ओघळतंय पण मार्शमॅलोला इजा होत नाही. लोण्यामुळे ती फट थोडी रुंद होते, कारण लोणी घातलेलं चॉकलेट गार झालं तरी बराच वेळ ढवळता येतं. या कृतीत लोणी आहे ते बरंचसं यासाठी. अगार चांगला ऐंशी अंशांपलीकडे जाईपर्यंत दाद देत नाही, त्यामुळे अगारवाले मार्शमॅलो अधिक सोशिक. तरी त्यांच्यावरही कढत चॉकलेट ओतू नका. मऊ पडून आकार सोडतात.

कोमट कसं ओळखायचं? वाडग्याच्या बुडाला बाहेरून तळहात लावा. ऊब लागली तर थांबा. मग चॉकलेटचा एक ठिपका खालच्या ओठाला लावून बघा. गरमही नाही, गारही नाही, काहीच जाणवत नाही असं वाटलं की झालं. बाळाचं दूध मनगटावर टाकून बघतात त्यातलाच प्रकार. ओहायोतल्या घरात, हीटर लावलेल्या वीस-एकवीस अंशांच्या खोलीत, मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मुंबईत डिसेंबरच्या दुपारी अर्धा तासही लागेल. पंख्याखाली ठेवा, दर तीन-चार मिनिटांनी हलवा. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. कडेचं चॉकलेट दगड होतं, मधलं गरमच राहतं आणि हलवल्यावर गुठळ्या.

एवढा वेळ काय करायचं? बटर पेपर कापून ठेवा, खोबरं पसरून ठेवा, भांडी घासा. मी मुलांना मार्शमॅलो मोजायला बसवते, म्हणजे निम्मे पोटात जातात म्हणून थोडे जास्तच काढून ठेवते.

आणि माझ्यासारखा घोटाळा झालाच, सगळं विरघळलंच, तर घाबरू नका. त्यात अक्रोड घाला, तूप लावलेल्या ताटात थापा, वरून खोबरं भुरभुरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चार तासांनी वड्या पाडा. मार्शमॅलो वितळवून केलेली फज इथे लोक मुद्दाम करतात. तुम्ही ती चुकून केलीत हे कुणाला सांगायची गरज नाही. मीही त्या वर्षी सांगितलं नाही.

मिसळणं आणि वळणं

आधी अक्रोड घाला. त्याने मिश्रण आणखी थोडं निवतं. मग मार्शमॅलो, दोन हप्त्यांत. ढवळू नका. खालून वर घ्या, उपम्याला जसा अलगद हात लावतो तसा. प्रत्येक तुकड्याला चॉकलेटचा पातळ अंगरखा मिळाला की थांबा. आता मिश्रण जाडसर, चमच्यावरून ढेकळासारखं पडणारं असेल. अगदी पातळ वाटलं तर पाच मिनिटं तसंच ठेवा.

ओट्यावर तीस सेंटिमीटर लांबीचा बटर पेपर अंथरा. त्यावर निम्मं खोबरं, मधल्या भागात, हातभर रुंद नाही, वीतभर. त्या खोबऱ्यावर निम्मं मिश्रण एका ओळीत घाला, साधारण वीस सेंटिमीटर लांब. वरून चिमूट-चिमूट खोबरं टाका. आता कागदाची तुमच्याकडची कड उचला, मिश्रणावरून पलीकडे न्या आणि कागदाच्या वरूनच तळहातांनी दाबत गोल करा. हाताला चॉकलेट लागायचं कारण नाही. सुरळीच्या वड्या वळताना पीठ स्वतः गुंडाळतं, इथे कागद आतल्या ऐवजाला नुसता धरून ठेवतो. त्यामुळे कागद आत जाऊ देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीने तो रोलच्या आत गुंडाळला होता आणि चकत्यांमधून कागदाची चकली निघाली.

दाबताना थोडा जोर लावा. तुकड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्या तर कापताना चकती तुटते. गोल झालं की कागद घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं लिमलेटच्या गोळीसारखी पिळा. रोलची जाडी साडेचार-पाच सेंटिमीटर, बांगडीच्या आतून सहज जाईल इतकी. दुसराही तसाच करा. हे पटपट उरका, दुसरा रोल करेपर्यंत वाडग्यातलं मिश्रण आवळायला लागतं. आवळलंच तर वाडगा कोमट पाण्याच्या पातेल्यात अर्धं मिनिट धरा. अर्धं मिनिटच.

दोन्ही रोल फ्रिजमध्ये आडवे ठेवा. वीस मिनिटांनी बाहेर काढून ओट्यावर एकदा लाटण्यासारखे फिरवा, कारण स्वतःच्या वजनाने ते खालून चपटे होतात. मी स्वयंपाकघरातल्या पेपर टॉवेलची पुठ्ठ्याची नळी उभी चिरून त्यात रोल ठेवते, मग फिरवावं लागत नाही. पुढे किमान दोन तास. रात्रभर राहिले तर उत्तम.

वळायचा कंटाळा असेल तर हेच मिश्रण बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये ओतून चौकोनी तुकडे करा. त्याला 'रॉकी रोड' म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये नाताळला ते घरोघरी होतं. चव तीच. पण खिडकी दिसत नाही आणि मला तर त्या खिडकीचीच हौस आहे.

कापणं

रोल फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. थेट कापलात तर चॉकलेटच्या कपच्या उडतात. लांब, धारदार, बिनदात्यांची सुरी गरम पाण्यात बुडवा, फडक्याने पूर्ण पुसा आणि एका दाबात खाली न्या. करवतीसारखी मागे-पुढे ओढली तर मार्शमॅलो सुरीबरोबर ताणला जातो आणि चॉकलेटचे डाग रंगांवर पसरतात. दर दोन-तीन कापांनी सुरी पुन्हा बुडवून पुसा. कंटाळवाणं आहे, पण त्यानेच खिडकी स्वच्छ निघते. जाडी एक सेंटिमीटर. त्याहून पातळ कापली तर मोडते.

मार्शमॅलोचा कापलेला भाग जरा चिकट असतो. चकत्या एकमेकींवर रचायच्या असतील तर मध्ये बटर पेपर हवाच.

ठेवणं आणि देणं

न कापलेला रोल कागदात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी घालून, फ्रिजमध्ये दोन आठवडे छान राहतो. फ्रीझरमध्ये दोन महिने. म्हणून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत करून ठेवणाऱ्या बायका इथे खूप आहेत आणि मीही आता त्यांच्यातली. कापलेल्या चकत्या आठवडाभरात संपवा, नंतर मार्शमॅलो कडेने वातड होतात. फ्रीझरमधला रोल थेट ओट्यावर ठेवला तर त्याला घाम सुटतो आणि खोबरं ओलं होतं. बंद डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, अशा दोन पायऱ्यांनी आणा. चॉकलेटवर कधी राखाडी-पांढरट झाक आली तर ती बुरशी नव्हे, उष्णता वर-खाली झाल्याने चरबी पृष्ठभागावर आलेली असते. खायला हरकत नाही, नजरेला वाईट इतकंच.

ओहायोत डिसेंबरमध्ये डबा गाडीत राहिला तरी काही बिघडत नाही. मुंबई-कोकणात तसं धाडस करू नका. द्यायच्या दिवशीच कापा आणि सांगून द्या की घरी गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. कुरियरने पाठवायचा विचार सोडून द्या. वसईला किंवा गोव्याला नाताळात कुणाकडे जाणार असाल तर तिथे दोदोल, नेवऱ्या, कुलकुलांचं ताट आधीच भरलेलं असतं. त्यात या रंगीत चकत्या पाहुण्या म्हणून शोभतात, मुलं आधी त्यांच्यावरच हात टाकतात.

आजींचा तो पत्र्याचा डबा मी धुऊन-पुसून परत द्यायला निघाले आणि दारातच थबकले. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आईने अंगात मुरवलेलं. पण साखरेचा डबा बघून त्या काय समजल्या असत्या कोण जाणे. म्हणून त्यात शंकरपाळे भरले. पुढच्या डिसेंबरला तोच डबा पुन्हा आला, तळाला चकत्या. आता माझ्या बाजूने जाताना त्यात माझ्या चकत्या असतात, अगारवाल्या, आणि आजींचं म्हणणं आहे की त्यांच्यापेक्षा जरा जास्त चिवट आहेत. खरं आहे ते.

राहिली रोलची टोकं. दोन रोलांची चार. ती वेडीवाकडी असतात, त्यांत रंग नीट दिसत नाहीत, डब्यात घालता येत नाहीत. आमच्याकडे त्यावर वाद नाही, दोन मुलांची आणि दोन कापणाऱ्याची. सुरी पुसायच्या आधीच खायची.